पूर्वजांचा आवाज कोणत्या हार्ड डिस्कवर ठेवावा?

सदर : जतन आणि संवर्धन

गतवर्षीच्या स्मरणिकेत या सदरातून जुन्या पोथ्या, जमिनीचे दस्तऐवज आणि कौटुंबिक छायाचित्रे यांच्या जतनाचा विचार केला होता. यंदाचा विषय ध्वनीचा आहे. आपल्या मॉरिशसमधील कित्येक मराठी घरांतून जुन्या कॅसेटमधील ओव्या, लग्नगीते, आरत्या आणि झाकरीची पदे संगणकावर उतरवून घेण्यास आरंभ झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हे काम हाती घेणारा प्रत्येक जण लवकरच एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. हा सारा ठेवा साठविण्यासाठी कोणती हार्ड डिस्क घ्यावी? कोणती कंपनी विश्वासू? प्रश्न साधा दिसतो. परंतु एखाद्या कंपनीचे नाव सांगून त्याचे उत्तर देणे म्हणजे वाचकांची दिशाभूल करणे होय. म्हणून या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करणे इष्ट आहे.

आरंभी या ठेव्याचे मोल ध्यानात घेऊ. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आणले गेले. मुंबई बंदरातून निघालेले आपले पूर्वज त्यांतच होते. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेल्या नोंदींत त्यांचे नाव सापडते, गाव सापडते, वय आणि उंची सापडते. पुष्कळांचे छायाचित्रही सापडते. सापडत नाही तो त्यांचा आवाज. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे मुद्रण १९०२ साली सुरू झाले. परंतु उसाच्या मळ्यात राबणाऱ्या मजुराच्या गाण्यापुढे ध्वनियंत्राचा कर्णा धरावा, असे कोणास वाटल्याचे दिसत नाही. आपल्यापाशी आवाज आहे तो त्यांच्या मुलानातवंडांचा, आणि तोही बहुतांशी फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणल्यानंतर, घरोघरी टेपरेकॉर्डर पोहोचल्यावर उतरलेला. ज्या वृद्धेने फितीवर ओवी म्हटली, तिला ती आजीच्या तोंडून मिळाली होती, आणि त्या आजीला कोकणातल्या जात्यावर. आज आपल्या घरांतून क्रेओल अधिक बोलली जाते. ती ओवी त्याच हेलात पुन्हा म्हणून दाखविणारे कोणी उरले नसेल, तर त्या फितीवरचा आवाज हाच शेवटचा साक्षीदार ठरतो.

फितींचेही दिवस भरत आले आहेत. त्यांवरील चुंबकीय लेप सुटतो, दमट हवेत त्यांस बुरशी येते, आणि त्या वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. ‘आयासा’ या ध्वनि-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने २०१९ साली याविषयी जगास सावध करण्याचा उपक्रम हाती घेतला होता. म्हणून फितीवरचा आवाज संगणकात आणणे अटळ आहे. तो आणल्यावर मात्र त्याचे भवितव्य सर्वस्वी साठवणुकीच्या साधनावर अवलंबून राहते.

प्रथम जागेचा हिशेब मांडू. आयासाच्या मार्गदर्शिकेनुसार ध्वनीचे सेकंदास किमान ४८,००० आणि शक्य तर ९६,००० नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुना २४ बिटांचा असावा, आणि फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह या, ध्वनीची काटछाट न करणाऱ्या प्रकारची असावी. ९६,०००च्या मापाने स्टिरिओ ध्वनीचा एक तास सुमारे २ गिगाबाइट जागा घेतो. एखाद्या मंडळापाशी तासाभराच्या ३०० कॅसेट असतील, तर त्यांस सुमारे ६२० गिगाबाइट पुरतील. साध्या एमपी३ मुद्रणात तोच तास ६० मेगाबाइटांतही मावतो खरा. परंतु कानाला जाणवणार नाही म्हणून एमपी३ जे गाळून टाकते, ते पुढे कधीही परत मिळत नाही. ऐकण्यास व वाटण्यास एमपी३ उत्तम, परंतु मूळ प्रत म्हणून ती ठेवू नये. तात्पर्य, बहुतेक मंडळांना आणि कुटुंबांना २ किंवा ४ टेराबाइटची डिस्क पुष्कळ झाली. २ टेराबाइटची डिस्क संगणकावर १.८१ अशी दिसते, ती दुकानदाराने केलेली फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि संगणक १,०२४च्या पटीने, इतकाच त्याचा अर्थ.

आता डिस्कचे अंतरंग पाहू. आयबीएम कंपनीने १९५६ साली जगातील पहिली हार्ड डिस्क पुढे आणली. तीत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, साऱ्या यंत्राचे वजन टनाच्या घरात होते आणि तीत ५० लाख अक्षरे मावत असत. म्हणजे आजच्या एमपी३ मुद्रणातील जेमतेम चार मिनिटांचे एक गाणे. आजची डिस्क हाताच्या पंजात मावते, परंतु तत्त्व तेच आहे. तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांवरील चुंबकीय खुणा वाचणारे शीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. एखादा धक्का, विजेचा अकस्मात झटका, आसांची झीज, यांतील काहीही त्या शीर्षाचा तोल घालविण्यास पुरेसे असते. असे यंत्र कधी ना कधी थांबणारच, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावयास हवा.

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘बिघाडापूर्वी सरासरी दहा लाख तास’ असा आकडा असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! परंतु याचा अर्थ डिस्क शतकभर चालेल असा मुळीच नाही. एक हजार डिस्क वर्षभर चालविल्या तर त्यांतील सुमारे ९ बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. वास्तव त्याहूनही कठोर आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००७ साली मोठमोठ्या यंत्रसमूहांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला १ टक्क्याहून अधिक, आणि पुष्कळ ठिकाणी २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागल्याचे आढळले. बॅकब्लेझ ही अमेरिकन साठवण-कंपनी आपल्याकडील डिस्कच्या बिघाडाचे आकडे नेमाने प्रसिद्ध करते. तिच्याकडील वार्षिक प्रमाण २०२३ साली १.७० टक्के आणि २०२४ साली १.५७ टक्के होते. त्या डिस्क अहोरात्र चालणाऱ्या असतात आणि आपल्या कपाटात राहणाऱ्या, हा भेद ध्यानी ठेवला तरी अंदाजास ते आकडे उपयोगी आहेत.

याच आकड्यांतून आपल्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. २०१४ साली बॅकब्लेझला सीगेट कंपनीच्या ३ टेराबाइटच्या एका नमुन्यात वर्षाला ४३ टक्के बिघाड आढळला, आणि त्याच कंपनीच्या ४ टेराबाइटच्या नमुन्यात ३ टक्क्यांहूनही कमी. कंपनी एक, वर्ष एक, आणि दोन नमुन्यांत इतके अंतर! म्हणून ‘अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट’ हे बोलणे निराधार आहे. आज हार्ड डिस्क बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींकडेही उत्तम नमुने आहेत आणि सामान्यही. चौकशी करावयाची ती नमुन्याची.

नमुना निवडताना काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, ती कोणत्या कामासाठी बनविली आहे. घरगुती संगणकासाठीच्या स्वस्त डिस्कपेक्षा ‘नॅस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, दीर्घकाळ चालण्यासाठी घडविलेल्या साडेतीन इंची डिस्क घ्याव्यात. सीगेटची आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि तोशिबाची एन३०० या त्या जातीच्या होत. त्यांस साधारणतः तीन वर्षांची आणि त्यांच्या वरच्या ‘प्रो’ प्रतीस पाच वर्षांची हमी असते. हमीने डिस्क नवी मिळते, गेलेला आवाज मिळत नाही, हे मात्र विसरू नये. दुसरी गोष्ट मुद्रणाच्या पद्धतीची. ‘सीएमआर’ पद्धतीत चुंबकीय खुणांच्या ओळी शेजारी शेजारी असतात, तर ‘एसएमआर’ पद्धतीत त्या घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीने थोड्या जागेत अधिक मावते, परंतु लिहिलेले बदलावयाचे झाल्यास शेजारच्या ओळीही पुन्हा लिहाव्या लागतात आणि काम मंदावते. तिन्ही कंपन्यांनी अशा डिस्क स्पष्ट उल्लेखाविना विकल्याचे २०२० साली उघडकीस आले. एकदा लिहून ठेवून द्यावयाच्या संग्रहास एसएमआर अगदीच वर्ज्य नाही. तथापि माहितीपत्रकात ‘सीएमआर’ हा शब्द पाहून घेणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट खिशात मावणाऱ्या छोट्या प्रवासी डिस्कविषयी. त्या सोयीच्या खऱ्या. परंतु त्या हातातून पडतात, आणि त्यांतील काहींत यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या पाटीवरच डाखलेली असते. ती जोडणी तुटली की आतील डिस्क शाबूत असूनही ती काढून दुसऱ्या संगणकास लावता येत नाही. ने-आण करण्यास त्या वापराव्यात, एकमेव प्रत म्हणून कदापि नाही. पेनड्राइव्ह आणि एसएसडी ही साधने विद्युत्भार साठवून लिहितात, आणि वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास तो भार ओसरू लागतो. म्हणून कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यास ती योग्य नव्हेत. मोठी अभिलेखागारे ‘एलटीओ’ नावाच्या चुंबकीय फिती वापरतात, परंतु त्यांचे यंत्र लहान मंडळास परवडण्यासारखे नसते.

इतकी काळजी घेऊन उत्तम डिस्क आणली, तरी प्रश्न सुटत नाही. थोडे गणित करून पाहू. एका डिस्कचा वर्षाला बिघडण्याचा संभव २ टक्के धरला, तर वीस वर्षांत ती बिघडण्याचा संभव सुमारे ३३ टक्के होतो. आपल्या नातवंडांच्या हाती ठेवा सुखरूप पोहोचेल की नाही, ही तिघांतल्या एकावर आपत्ती येणार अशा स्वरूपाची सोडत झाली. याउलट दोन डिस्क ठेवल्या आणि एक बिघडताच दुसरीवरून नवी प्रत केली, तर दोन्ही एकाच वर्षी बिघडण्याचा संभव अडीच हजारांत एक इतका अल्प होतो. सर्वांत महाग डिस्क घेऊनही जी सुरक्षितता मिळत नाही, ती दोन मध्यम डिस्क घेऊन मिळते.

मात्र या गणितात एक अट दडलेली आहे. दोन्ही डिस्कची दैवे एकमेकींपासून स्वतंत्र असली पाहिजेत. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच घाण्यातून निघालेल्या आणि एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. दोष असेल तर दोघींत तोच असेल, आणि आग लागली तर दोघी एकदमच जातील. म्हणून एक डिस्क एका कंपनीची घ्यावी, दुसरी दुसरीची, आणि त्यांची घरे वेगळी असावीत. एकाच पेटीत दोन डिस्क बसवून दोहोंवर एकाच वेळी लिहिण्याची ‘रेड’ नावाची योजना असते. तीही दुसरी प्रत नव्हे, कारण चुकून एक गाणे पुसले तर ते दोहोंवरून त्याच क्षणी पुसले जाते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम यासाठी पाठ करून ठेवावा : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत अन्यत्र.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली आणि ती तरली, असे परंपरा सांगते. अभंग गावोगावच्या लोकांच्या कंठी होते म्हणून ते बुडू शकले नाहीत, असा त्या कथेचा अर्थ पुष्कळांनी लावला आहे. आपल्या पूर्वजांची गीते समुद्र ओलांडून येथे तगली तीही याच रीतीने. ती एका वहीत नव्हती; मळ्यामळ्यांतील अनेक मुखांत होती. एका ठिकाणी ठेवलेल्या ठेव्याचे काय होते, ते ब्राझीलने २ सप्टेंबर २०१८ रोजी पाहिले. रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयास त्या रात्री लागलेल्या आगीत तेथील आदिवासी भाषांचा संग्रहही भस्मसात झाला. ज्या भाषा बोलणारा आता कोणीही हयात नाही, अशा भाषांतील गीतांची ध्वनिमुद्रणे त्यात होती.

आपल्या बेटास आगीपेक्षा वादळाचे भय अधिक. १९६०चे कॅरोल, १९७५चे जर्व्हेझ आणि १९९४चे हॉलंडा यांच्या आठवणी घराघरांत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये बेलालच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या, हे तर तरुणांनीही पाहिले. अवघ्या १,८६५ चौरस किलोमीटरचे हे बेट एकच वादळ सबंध व्यापू शकते. एक प्रत क्युरपिपला आणि दुसरी पोर्ट लुईला ठेवणे हे पूर आणि आग यांपुरते ठीक आहे. वादळापुरते ते पुरेसे नाही. शेजारच्या रेयुनियनचाही भरवसा नाही, कारण जानेवारी २००२ मधील डिना वादळाने दोन्ही बेटांस तडाखा दिला होता. म्हणून तिसरी प्रत समुद्रापलीकडे, लंडन, पॅरिस किंवा मुंबई येथील एखाद्या जबाबदार आप्ताकडे असावी, किंवा भाडे भरून इंटरनेटवरील साठवणीत असावी. भाडे थकले की ती जागा जाते, म्हणून तेवढी एकच प्रत मात्र कोणी ठेवू नये.

प्रती ठेवल्या, तरी त्या शाबूत आहेत हे कळावे कसे? फाइल दिसते, उघडतेही, परंतु आतील काही अंश बिघडलेला असू शकतो. आपल्याकडे वेदांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुखाने जपले गेले, ते केवळ पाठांतराने नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द उलटसुलट क्रमाने म्हटले जात, आणि एक अक्षर चुकले तरी ते तेथेच उघडे पडे. संगणकात हेच काम ‘चेकसम’ करते. प्रत्येक फाइलवरून गणिताने एक आकडा काढून ठेवतात. फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी पुन्हा काढलेला आकडा जुळत नाही. ‘एमडी५’ आणि ‘शा-२५६’ या त्याच्या रूढ पद्धती असून त्यांचे विनामूल्य प्रोग्राम मिळतात. मूळ फाइली तयार होताच हे आकडे काढून प्रत्येक डिस्कवर आणि कागदावरही ठेवावेत. ज्या प्रतीचा आकडा जुळणार नाही, ती फाइल जुळणाऱ्या प्रतीवरून पुन्हा उतरवून घ्यावी.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेने ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने ती वाचता येते. खराब जागा बदलल्याचा आकडा वाढू लागला की ती डिस्क निवृत्त करावी. परंतु आकडा शून्य आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. गूगल कंपनीने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी या नोंदींतील प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती.

यास्तव मंडळांस आमची सूचना अशी, की या कामासाठी वर्षातला एक काळ नेमून घ्यावा. गणेश चतुर्थीचे आधीचे दिवस त्यास सोयीचे आहेत. सर्व जण एकत्र येतात, हवा तुलनेने कोरडी असते, आणि वादळांचा मोसम अजून पुढे असतो. त्या दिवसांत प्रत्येक डिस्क बाहेर काढून चालू करावी, कारण वर्षानुवर्षे न फिरलेल्या तबकड्या अडकून बसण्याचे भय असते. यूपीएस किंवा सर्ज प्रोटेक्टर लावल्याविना डिस्क जोडू नये. सर्व फाइलींचे चेकसम ताडून पाहावेत, दोनचार गाणी प्रत्यक्ष ऐकावीत आणि दिनांकासह वहीत नोंद करावी. मग डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी. पाच वर्षे झाली की डिस्क चांगली चालत असली तरी नवी घेऊन तिजवर प्रत करावी. जुनी अधिकची प्रत म्हणून ठेवण्यास हरकत नाही. नवी डिस्क आणल्यावर ती एकदा पूर्ण भरून, पूर्ण वाचून पाहावी आणि मगच तिजवर ठेवा सोपवावा.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट माणसाची. डिस्क कोठे आहे, तिचा परवलीचा शब्द काय, वही कोणापाशी आहे, हे किमान दोघांस ठाऊक असावे आणि त्यांतील एक जण पंचविशीच्या आतला असावा. प्रत्येक फाइलीसोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि गीताचा प्रसंग लिहून ठेवावा. आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे साधेल. नंतर उत्तम डिस्कवर शाबूत राहिलेला आवाजही निनावी राहील.

तेव्हा ‘कोणती हार्ड डिस्क घ्यावी?’ या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, नॅस जातीच्या, सीएमआर पद्धतीच्या, गरजेपेक्षा थोड्या मोठ्या अशा दोन डिस्क घ्याव्यात, तिसरी प्रत सागरापार ठेवावी, आणि दरवर्षी त्या उघडून पाहणारी दोन माणसे नेमावीत. ज्या वाचकांच्या घरी जुन्या कॅसेट पडून आहेत, त्यांनी त्या मंडळाच्या चिटणिसांकडे उतरवून घेण्यास द्याव्यात. मूळ कॅसेट परत मिळेल, आणि तिची एक प्रत घरच्यांसाठीही दिली जाईल. कॅसेट देताना तीत कोणाचा आवाज आहे, तेवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत जोडावे, ही नम्र विनंती. फितीवरील बुरशी आणि गुंता कसा काढावा, याचा विचार पुढील स्मरणिकेत करू.